कडीवाला

डॉ. मार्कस कुटिन्हो यांच्यावर कांदिवलीतल्या कावळ्यांचा राग होता. हे ते स्वतःच लोकांना सांगत, आणि सांगितलं की लोक विषय बदलत.

राग असायला कारणही होतं. डॉक्टर मूळचे गोराईचे. पोरगा पाद्री व्हावा अशी त्यांच्या आईची फार इच्छा होती. पोरगा कावळ्यांचा शास्त्रज्ञ झाला. ते नोकरीला होते त्या संस्थेला एवढंच हवं होतं, की कावळा काय खातो आणि पिकाचं किती नुकसान करतो ते डॉक्टरांनी सांगावं. डॉक्टर ते सांगायचे. पण त्यांच्या डोक्यात भलतंच खूळ होतं. त्यांचं म्हणणं, कावळा माणसाचं तोंड लक्षात ठेवतो आणि मनात डूख धरतो. म्हणजे आपल्या भाऊबंदांसारखाच, फक्त कोर्टात जात नाही.

हे सिद्ध करायला त्यांनी जाळं लावून कावळे धरायला सुरुवात केली. धरायचा, वजन करायचं, पायात रंगीत कडी अडकवायची आणि सोडून द्यायचा. सोडलेला कावळा समोरच्या झाडावर बसून डॉक्टरांविषयी जे काय बोलायचा, ते बाकीचे कावळे कान देऊन ऐकायचे. पुढे पुढे अशी पाळी आली, की डॉक्टर कांदिवली स्टेशनातून बाहेर पडले रे पडले की डोक्यावर काव काव सुरू. त्यामुळे ते बाराही महिने काळी छत्री उघडून चालत. छत्रीआड तोंड दिसलं नाही की कावळे गप्प बसत. संस्थेतल्या मोठ्या साहेबांना त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा साहेब मायेने म्हणाले, "कुटिन्हो, थोडे दिवस रजा घ्या."

जाळं लावायला त्यांनी निवडलेली जागा म्हणजे तलावाचा काठ, जिथे आजूबाजूची सगळी माणसं दहावं करायला येतात. कावळे जिथे जेवायला येतात तिथेच ते धरावेत, इतका सरळ विचार. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस सुटला, नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली, हे डॉक्टरांना ऐकून माहीत होतं. पण माणूस ख्रिस्ती, त्यामुळे ते कानापर्यंतच राहिलं, पोटात उतरलं नव्हतं.

गुणाजी धुरीमुळे ते पोटात उतरलं. गुणाजी मालवणकडचा. गिरणी संपात गेली, तेव्हा तो औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला होता. एका सकाळी तो तलावावर आला. सोबत बारावी सायन्सला असलेला मुलगा रतन. दोघांचीही डोकी तुळतुळीत. गुणाजीची आई नुकतीच गेली होती.

"डॉक्टरानू," गुणाजी म्हणाला, "पिवळे कडयेचो कावळो तुमचो?"

"कावळा माझा नाही. कडी माझी."

"तो माझ्या आवशीच्या पिंडाक शिवलो. आता भावकी म्हणता, कडी घातलेलो कावळो सरकारी, तेचा शिवणा धरूचा नाय. माझी आवस सुटली काय अडाकली, ता तुमी सांगा."

दुसरा कुणी असता तर हसला असता. डॉक्टरांना हसू येण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. ते म्हणाले, "कडीला वजन असं नाहीच. कडी घातल्यावर कावळ्याच्या भुकेत किंवा स्वभावात काही फरक पडत नाही. मी तपासलंय."

"लिवन देशात?"

डॉक्टरांनी संस्थेच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. गुणाजीने तो कागद फ्रेम करून गणपतीच्या तसबिरीखाली लावला. भावकीचं तोंड बंद झालं. डॉक्टरांचं संशोधन कुणीतरी मान्य करून भिंतीला लावण्याची ही पहिलीच वेळ होती.

निघता निघता रतनने विचारलं, "सर, तुम्हाला बघून कावळे बोंबलतात. मग मला बघून का नाही?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून डॉक्टर कित्येक वर्षं वाट बघत होते. ते तिथेच काठावर खाली बसले आणि समजावून सांगायला लागले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुणाजीने "पोरगो उपाशी हा" अशी आठवण केली आणि दोघांनाही घरी जेवायला नेलं.

तेव्हापासून दर रविवारी डॉक्टर धुरींच्या चाळीत. चाळीवर कावळे बोंबलायला लागले, की गुणाजीची बायको विमला स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे तिला माहेरीच शिकवलेलं. आणि खरोखरच थोड्या वेळाने डॉक्टर मिटलेली छत्री घेऊन दारात उभे राहायचे.

"वहिनी, मी येतो म्हणून ते ओरडतात," डॉक्टर सांगायचे. "जिन्यावर छत्री मिटावी लागते ना, म्हणून. ते ओरडतात म्हणून मी येत नाही."

"तेच म्हणतेय मी," विमला म्हणायची. "ओरडले आणि तुम्ही आलात. साखर बघा बरोबर आहे का."

रतनला तर कावळ्यांचं वेडच लागलं. डॉक्टर त्याला जाळ्याला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. कांदिवलीत एक तरी तोंड कोरं राहायला हवं, असं ते म्हणत. एकदा रतन डॉक्टरांचा चष्मा आणि हॅट घालून चाळीपुढून फिरला. कावळे गप्प. मग डॉक्टर चष्म्याशिवाय, हॅटशिवाय, गुणाजीची बंडी घालून फिरले. चाळ दणाणून गेली. डॉक्टर आनंदाने लालेलाल झाले. गुणाजी म्हणाला, "त्यात काय नवाल? आमचो फोरमन टोपी काढून इलो तरी आमका कळता." डॉक्टरांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

फक्त एकदा त्यांचं चुकलं. रतन म्हणाला, "सर, आई रोज खिडकीत घास ठेवते ना, तिथे एक पिवळी कडीवाला येतो. फक्त तिच्याच हातचं खातो. मी ठेवला तर बघतसुद्धा नाही."

"खायला घातलं की कोणीही येतं," डॉक्टर म्हणाले. "त्यात शास्त्र नाही."

विमला आतच होती.  त्या दिवशी चहात आलं घातलेलं नव्हतं.

रतन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि गुणाजीने अंथरूण धरलं. कावीळ पोटात भिनली होती. डॉक्टर रोज हॉस्पिटलात जायचे. खिडकीबाहेर कावळे दंगा करायचे, नर्स वैतागायची आणि गुणाजीला तेवढ्यापुरतं हसू यायचं. शेवटी शेवटी त्याने एकदा डॉक्टरांचा हात धरला. म्हणाला, "डॉक्टरानू, पोराक शिकूक देवा. माझ्यासारखो पुठ्ठ्याचे खोके चिकटवीत रवाक नको. आमचो धाकलो सहदेव आयकूचो नाय. पण तुमी सांगा तेका."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी गुणाजी गेला. डॉक्टरांना सख्खा भाऊ नव्हता. असता तर तो गेल्यावर काय वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

सहदेव गुणाजीचा धाकटा भाऊ. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती. संपात त्याचीही गिरणी गेली होती आणि तेव्हापासून तो मिळेल ते काम करत होता, त्यामुळे पक्की नोकरी म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. कंपनीच्या साहेबाने सांगितलं होतं, की गुणाजीच्या जागी पोराला घेऊ, पण महिन्याच्या आत हजर व्हायला हवं. सहदेवने पायांवर डोकं ठेवून तो शब्द मिळवला होता.

डॉक्टरांनी त्याला गुणाजीचं बोलणं सांगितलं.

"दादा तापात होतो," सहदेव म्हणाला. "तापात माणूस काय पण बोलता. डॉक्टर, तुमचं चांगलं आहे, तुम्हाला कावळे मोजायचा पगार मिळतो. ह्याला कोण देणार? माझी वहिनी काय खाणार?"

 रतन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला विचारावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. विमलाला तर त्या दिवसांत कोण विचारणार! दहाव्याला सगळ्या भावकीसमोर सहदेव दादाला शब्द देणार, कावळा शिवला की काम पक्कं, असं ठरलं. पिंडासमोर दिलेला शब्द मागे घ्यायची छाती धुरींच्या घराण्यात आजवर कुणाची झाली नव्हती.

आदल्या दिवशी विमला डॉक्टरांना म्हणाली, "उद्या तुम्ही यायचं."

"वहिनी, मी आलो तर एकही कावळा खाली उतरायचा नाही. तुम्हाला माहीत आहे."

"छत्री घेऊन या," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय ह्यांना बरं वाटायचं नाही."

झालं. डॉक्टर गेले.

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं, त्यामुळे छत्रीचं कुणाला काही वाटलं नाही. तीन-चार जण तर तिच्या सावलीला येऊन उभे राहिले. रतनने केस उतरवले होते. भटजींनी सांगितलं तसं तो मुकाट्याने करत होता. पिंड मांडले गेले. पिंपळावर कावळे जमले होते, आणि डॉक्टर छत्रीच्या कडेखालून त्यांच्या पायांकडे बघत होते. दोन हिरवी, एक तांबडी, एक पिवळी. सगळी जुनी ओळखीची मंडळी.

सहदेव पुढे झाला. त्याने हात जोडले. ते नाटक नव्हतं. "दादा, काळजी करू नको. पोराक तुझ्या जागेर चिकटवतंय. कॉलेज बंद. घर चलात. आता तू सुखान जा."

तांबडी कडी पिंपळावरून खाली उतरली. दोन उड्या मारल्या. मान तिरकी केली. आणखी एक उडी, आता पिंड चोचीच्या अंतरावर.

डॉक्टरांनी छत्री मिटली.

त्यांनी हे विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. विचार त्यांना मागाहून सुचला आणि तो काही चांगला नव्हता. आयुष्यभर ज्या माणसाने वजनाचा काटासुद्धा कधी हाताने दाबला नाही, त्याने भर दहाव्याला, सख्ख्या दोस्ताच्या पिंडासमोर लबाडी केली होती. तांबडी कडी किंचाळत उडाली. पिंपळावर एकच गिल्ला झाला.

"नाय म्हणता!" मागून एक म्हातारा ओरडला. "गुणाजी नाय म्हणता!"

भावकीत कुजबुज झाली. सहदेवचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "दादा, गावच्या घराची कौलं शाकारतंय." कावळे बोंबलतच होते. "दादा, वहिनीक अंतर देवचंय नाय." पुन्हा तेच. वाटणीवरून धरलेला अबोला सोडतो म्हणाला, दारू सोडतो म्हणाला. त्याची बायको हे सगळं नीट ध्यानात ठेवत होती.

मामला हाताबाहेर चालला होता. डॉक्टरांना पुन्हा छत्री उघडायची होती. कुणीतरी "शिकू द्या पोराला" असं म्हणेल आणि तेव्हा छत्री वर असेल, इतपत हिशेब आता त्यांना सुचला होता. त्यांनी कळ दाबली. छत्री उघडेना. जोर लावला, तर एक काडी मोडून बाहेर आली आणि मघाशी सावलीला आलेल्या एका गृहस्थाच्या कानाला लागली.

आता सरळ निघून जाणं एवढंच हातात होतं. ते मागे सरले, तर भावकीने त्यांना घेरलंच.

"डॉक्टर, तुम्ही खंय चाललात? तुम्ही कावळ्यांतले जाणकार!"

"मी गेलो तर कावळे येतील," डॉक्टर म्हणाले. "माझ्यामुळेच येत नाहीत ते. मला घाबरतात. खरं सांगतोय मी."

"असं मनाला लावून घेऊ नका," तो कान दुखावलेला गृहस्थ म्हणाला. "तुम्ही घरचे." आणि त्याने डॉक्टरांना दंडाला धरून पुढच्या रांगेत, थेट पिंडाच्या समोर उभं केलं. पिंपळावरचा आवाज दुप्पट झाला.

ऊन चढत गेलं. भटजींना पुढे दुसरं दहावं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला आणि म्हणाले, "किती वेळ थांबायचं? दर्भाचा कावळा करून शिवू. शास्त्रात सोय आहे."

"म्हणजे मग माझा शब्द राहतो ना?" सहदेवने विचारलं.

"पहिला दिलेला शब्द तो शब्द," भटजी दर्भाला गाठ मारता मारता म्हणाले.

रतनने डॉक्टरांकडे बघितलं. पोराचे डोळे असे झाले होते की डॉक्टरांना ते बघवेना. सगळी वाट आपण लावली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. शास्त्र गेलं, इमान गेलं आणि पोरगाही चालला खोकी चिकटवायला.

इतक्यात मागे बायकांत बसलेली विमला उठली आणि पुढे आली. कुणीतरी "अगो, तू खंय?" म्हणालं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. पिंडाजवळ जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, तो तिने सारखा केला नाही. मान वर करून ती पिंपळाकडे बघत म्हणाली, "अहो, पोरगा शिकणार. मी चार घरी पोळ्या करीन. माझं मी बघते. तुम्ही आता खावा."

घरी खिडकीत ती ज्या आवाजात बोलायची, अगदी तोच आवाज.

पिवळी कडीवाला फांदीवरून सुटला. डॉक्टर चार हातांवर उघड्या तोंडाने उभे होते. त्यांचं तोंड त्याला स्वच्छ दिसत होतं. बाकीचे कावळे त्याला शिव्या घालत होते. त्याने डॉक्टरांकडे एकदा बघितलं, त्यांना वळसा घालून तो विमलाच्या पायांशी उतरला आणि पिंडातला भात चोचीत भरून घेतला. वर तिथेच उभा राहून सावकाश खाल्ला.

बायकांनी रडायला सुरुवात केली. भटजींनी दर्भाचा कावळा पिशवीत टाकला. सहदेव मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. मग उठून त्याने रतनच्या डोक्यावरून हात फिरवला. "शीक रे बाबा," तो म्हणाला. "दादाक ताच होया होता तर आधी तरी सांगूचा." डॉक्टरांनी हे त्याला आधीच सांगितलं होतं, पण त्याची आठवण काढायची ती वेळ नव्हती.

परत येताना रतन त्यांच्या बाजूने चालत होता. मोडकी छत्री त्याने हातात घेतली होती. डोक्यावर कावळे चालूच होते.

"सर, छत्री तुम्ही मुद्दाम मिटलीत ना?"

"हो."

"मग परत उघडली का नाहीत?"

"उघडेना."

रतनला हसू फुटलं. दहा दिवसांत तो पहिल्यांदाच हसला आणि हसता हसता रडायला लागला. डॉक्टरांनी त्याला जवळ घेतलं. मग तेही रडले. वाण्याच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

रविवारी डॉक्टर छत्रीशिवायच चाळीत गेले. कावळ्यांनी स्टेशनपासून वरात काढली होती, त्यामुळे चहा आधीच गाळून ठेवलेला. डॉक्टरांनी कपाला हात लावला नाही.

"वहिनी, तो पिवळी कडीवाला. कधीपासून घालताय त्याला?"

"तुम्ही त्याला कडी घालून सोडलंत ना, तेव्हापासूनच," विमला म्हणाली. "खिडकीत येऊन बसला होता. भेदरलेला. तुमची ओळख झाल्यावर मी रोज म्हणायचे, खा रे बाबा, डॉक्टर मनाने वाईट नाहीत."

 कोण राग धरतो, हे डॉक्टरांनी इतकी वर्षं जीव तोडून तपासलं होतं. कोण माया धरतो, हे तपासायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. भिंतीवर त्यांचाच कागद होता, गणपतीखाली, आणि आता त्याच्या शेजारी गुणाजीचा फोटो.

"माझ्या हातून खाईल तो?" त्यांनी विचारलं.

विमलाने बशीत वरणभाताचा घास वाढला आणि बशी त्यांच्या हातात दिली. "आज नाही खायचा," ती म्हणाली. "रोज या."

ते रोज आले. ऑफिसच्या आधी, गोराईहून खाडीची होडी गाठून. चाळीतली पोरं म्हणायची, डॉक्टरांचं डोकं फिरलं. मोठे साहेब पुन्हा रजेचं बोलले. सहदेवने दारू खरंच सोडली, कारण बायकोने सगळं ध्यानात ठेवलं होतं. विमला पोळ्या लाटत राहिली. रतन बी.एस्सी. झाला, पुढे शिकायला लागला, आणि एका सकाळी तो दाढी करत असताना खिडकीजवळून डॉक्टरांची हाक आली, अगदी दबक्या आवाजात.

पिवळी कडीवाला बशीत चोच घालून जेवत होता. बशी डॉक्टरांच्या हातात होती.

आपलं म्हणणं सिद्ध झालं, की उलटं झालं, याचा त्यांनी त्या घटकेला विचार केला नाही. हे पहिल्यांदा गुणाजीला सांगावं असं मनात आलं, आणि त्यांनी वळून फोटोकडे बघितलं.

"गुणाजी," ते म्हणाले, "खाल्लं रे त्यानं."